मदत हवी आहे: पुणे ते नागपूर एका दिवसात, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला मावसभावाचं लग्न आहे. विमानाची तिकिटं बघून गप्प बसलो. रेल्वेत वेटिंग. स्लीपर बसला आई ठाम नाही म्हणते (गुडघे, वरचा बर्थ आणि रात्रीचा प्रवास, याच क्रमाने). तेव्हा आपलीच गाडी काढायची असं घरात ठरत आलंय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं जुनी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेलं. माणसं चार: मी, बायको, आई आणि बाबा. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. चालवणारा मी एकटाच. बायको शहरात माझ्यापेक्षा बरी चालवते, पण हायवेला नको म्हणते आणि मीही गळ घालणार नाही.

मार्ग पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धीने थेट नागपूर. मोबाइलचा नकाशा एकूण अकरा तासांच्या आत सांगतोय. पण नकाशाला बाबांची सकाळची लघवीची गोळी माहीत नाही.

ऑफिसात ज्याला विचारावं तो सांगतो, "पहाटे तीनला निघ, दुपारी जेवायला नागपुरात." हे मला पटत नाहीये, पण नक्की का ते सांगता येत नाही. तर प्रश्न असे: हे अंतर एकट्या ड्रायव्हरने एका दिवसात करावं का, की संभाजीनगरला मुक्काम करावा? निघायचं किती वाजता? समृद्धीवर कुठून चढणं सोयीचं? आईला भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, तर वाटेत काय करायचं? आणि बाबांची फर्माईश आहे, "एवढं मेहकरवरून जातोच आहोत तर लोणार बघू." त्यांना काय उत्तर देऊ?

---

भरधाव

आरामात होतं हो, कशाला टेन्शन घेता! समृद्धी म्हणजे लोणी आहे. १२०चा क्रूझ लावायचा आणि गाणी ऐकायची. तीनला निघा, नगर रोड रिकामा मिळतो.

---

नगररोडकर

भरधाव यांच्याशी सपशेल असहमत. पुणे-नागपूर प्रवासात अवघड भाग समृद्धीचा नाहीच. अवघड आहे तो समृद्धी लागण्याआधीचा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा पट्टा, आणि तुम्ही तो अंधारात करायला निघालात.

नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. तीनला निघालात तर नगर ओलांडून नेवासा फाट्यापर्यंत अंधारच. याच दिवसांत कारखान्यांचे गाळप सुरू असते. नगर ते गंगापूर हा पट्टा उसाचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. वेग ताशी पंधरा-वीस. तुम्ही ऐंशीने येत असता आणि समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांत असतात. ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी पुढ्यात असते. ही भीती घालायला लिहीत नाही, या रस्त्याला राहतो म्हणून लिहितो.

दुसरीकडे उशिरा निघालात तर वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ही माळ आहेच. कंपन्यांच्या बस आणि कंटेनर सुरू झाले की शिरूर गाठेपर्यंत किती वेळ जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

म्हणून मध्यममार्ग: पावणेपाच-पाचला घर सोडा. वाघोली ते रांजणगाव अंधारात पण मोकळं मिळेल, तो रस्ता रुंद आहे आणि दिव्यांचा उजेडही बऱ्यापैकी आहे. सुप्याच्या आसपास फटफटेल. नगरात शिरेपर्यंत लख्ख उजेड. नगरात उड्डाणपूल झाल्यापासून गाव पार करणं पूर्वीसारखं जिवावरचं राहिलेलं नाही. पुढे इमामपूर घाट, पांढरीपूल, घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम हा सगळा उसाचा टप्पा दिवसाउजेडी होईल. ट्रॉल्या तेव्हाही असतील, पण निदान दिसतील.

संभाजीनगर शहरात शिरू नका. वाळूजवरून करोडीमार्गे माळीवाडा इंटरचेंज गाठा. सावंगीचा इंटरचेंज शहराच्या पलीकडे आहे, तुमच्या काय कामाचा नाही. टाकी वाळूजलाच फुल करा.

---

धागाकर्ता

नगररोडकर, पटत का नव्हतं ते आता कळलं. आभार. पण पाचला निघून नागपूरला अंधार पडायच्या आत पोचू का?

---

संत्रानगरी

या ना भाऊ, स्वागत आहे! पण एक हिशेब पुणेकर हमखास विसरतात. नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून जास्त आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तरी वीस-बावीस मिनिटं झाली, आणि थंडीत उत्तरेकडे दिवस अजून लहान. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आमच्याकडे साडेपाचलाच दिवेलागण. "सहापर्यंत पोचू, उजेडच असेल" असं म्हणून निघालेला पाहुणा शेवटचा टप्पा अंधारात करतो.

उलटा हिशेब मांडा. साडेपाचला मावळतं, म्हणून साडेचारला शिवमडक्याला समृद्धी सोडायची. तिथून लग्नघर गावात कुठे आहे त्यावर अर्धा-पाऊण तास. माळीवाडा ते शिवमडका चारशे चाळीसच्या आसपास, म्हणजे शंभरने साडेचार तासांच्या आत. वर थांबे दीड तास. साडेदहाला माळीवाड्यावर चढलात तरी जमतं. पाचला निघून साडेदहा म्हणजे नगर रोडला साडेपाच तास मिळाले, नाश्त्यासकट. ओढाताण नाही.

आणि साडेअकरापर्यंत माळीवाडा गाठता आला नाही तर हट्ट सोडा, जालन्याला किंवा संभाजीनगरलाच मुक्काम करा. लग्न दुसऱ्या दिवशी आहे असं धरून सांगतोय. त्याच दिवशी असेल तर धागाच चुकला.

---

धागाकर्ता

नाही नाही, हळद दुसऱ्या दिवशी, लग्न तिसऱ्या. एक दिवस हातात आहे.

---

भरधाव

शंभरने कशाला? १२०ची परवानगी आहे. साडेतीन तासांत संपतं.

---

स्टेपनी

मर्यादा १२०ची आहे, सक्ती नाही.

४४० किमी १२०ने केलं तर तीन तास चाळीस मिनिटं, १००ने केलं तर चार तास चोवीस. फरक पाऊण तासाचाही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे १००वरून १२०ला गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो. चार माणसं आणि आहेराच्या पिशव्या भरलेली छोटी हॅचबॅक तिथे पेट्रोल पिते, गरम होते, बाजूने ट्रक गेला की हलते. पाऊण तासासाठी एवढं कशाला?

दुसरं टायरचं. सहा वर्षांची गाडी म्हणालात. टायर बदललेत का? टायरच्या कडेवर एक लांबट गोल असतो, त्यात चार आकडे. ३४१९ असेल तर २०१९ सालातला ३४वा आठवडा. आतल्या बाजूला असला तर गाडीखाली मोबाइलचा टॉर्च धरून बघावं लागेल. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा वर्षांत रबर आटतं, नक्षीच्या फटीत बारीक चिरा पडतात. नखाने दाबून बघा. शहरात तोच टायर अजून वर्षभर काढेल, पण सिमेंटच्या रस्त्यावर भरल्या गाडीने सलग दोन-तीन तास शंभरने पळणं ही वेगळी परीक्षा आहे.

हवा गाडी थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या. "जास्त पळवायचीय म्हणून थोडी कमी ठेवा" असं पंपावरचा पोरगा सांगेल, ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि त्यानेच फुटतो. नायट्रोजन असला काय नसला काय, आकडा बरोबर असणं महत्त्वाचं. स्टेपनीतही हवा भरा, ती कायम विसरली जाते. (माझ्या आयडीचा इतिहास विचारू नका.)

---

झोपाळू

समृद्धीवर झोप येते हे खरं आहे आणि ती थकव्याची झोप नसते, कंटाळ्याची असते. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, समोरून गाडी नाही. डोळे उघडे असतात आणि मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. असं झालं की तीच धोक्याची घंटा. शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ८० मीटरहून जास्त, कोणी चालवत नसताना.

तुमच्या वेळापत्रकात जेवण नेमकं एक-दीडला येतंय, आणि त्यानंतरचे दोन तास सगळ्यात वाईट. पोटभर जेवू नका. घरच्यांना जेवू द्या, तुम्ही अर्धंच. जेवल्यावर कॉफी प्या आणि सीट मागे करून वीस मिनिटं पडा. कॉफी अंगात भिनायला तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. खिडकी उघडून तोंडावर वारं घेणं वगैरे स्वतःची फसवणूक आहे.

पडायचं ते पंपावर किंवा इंटरचेंज उतरून. रस्त्याच्या कडेला गाडी लावून अजिबात नाही. उभ्या गाडीवर मागून येऊन आदळण्याचे प्रकार समृद्धीवर झालेले आहेत. पंक्चरच झालं तर गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या, पार्किंगचे दिवे लावा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि मगच फोन करा. आईंना गाडीत बसवून ठेवू नका, कितीही ऊन असलं तरी.

मागच्या सीटचे पट्टेही लावा. आई-बाबा कुरकुरतील.

---

गोधडी

संडासाच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही, अपेक्षेप्रमाणे. :)

तुमच्या आई घरून निघताना चहाचा अर्धा कप घेतील आणि त्यानंतर नागपूरपर्यंत पाण्याला शिवणार नाहीत, लिहून देते. आमच्या पिढीच्या बायका प्रवासात असंच करतात. कारण कुठे जायला मिळेल याची खात्री नसते. सहा-सात तास बिनपाण्याचं बसून पाय सुजतात, डोकं दुखतं आणि त्या वयात लघवीचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. नुसतं "पाणी पी गं" म्हणून त्या पिणार नाहीत. आदल्या दिवशीच थांबे नावानिशी सांगा: इथे नाश्ता, इथे पेट्रोल, इथे जेवण, आणि प्रत्येक ठिकाणी कमोड आहे. मग पितील.

म्हणून खर्च थोडा वाढला तरी नाश्ता धाब्यावर नको, खोल्या असलेल्या हॉटेलात करा. ज्या हॉटेलात लोक मुक्कामाला राहतात तिथे कमोड असतोच. नगरच्या आसपास एक, वाळूजला एक, अशी दोन हेरून ठेवा आणि आधी फोन करा. समृद्धीवर मात्र पंपांवरच्या सोयींवर भिस्त, आणि त्यांची अवस्था त्या त्या दिवसावर अवलंबून. घडीची कमोड खुर्ची मिळते, भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवता येते. डिकीत आडवी मावते. लग्नघरातही तीच उपयोगी पडेल, बघाच.

बाबांच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा, प्रवासाच्या दिवशी वेळ पुढे ढकलता येते का ते. आपल्या मनाने गोळी गाळू नका.

---

संत्रानगरी

गोधडीताईंना शंभर मार्क.

लोणारचं राहिलं. बाबांना सांगा, जाताना नाही. मेहकरला उतरून लोणार पंचवीसेक किलोमीटर, तेवढंच परत, आणि तिथे गेल्यावर काठावरून डोकावून निघणं जमत नाही. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे ते! शिवाय खाली सरोवरापर्यंत उतरायचं म्हटलं तर गुडघ्यांचा प्रश्न. दोन-तीन तास गेले की सूर्यास्ताचा सगळा हिशेब कोसळला. परतीला दोन दिवस असतील तर एक मुक्काम त्या बाजूला करा आणि निवांत दाखवा.

टोल गाडीला किलोमीटरमागे २.०६ रुपये (एप्रिल २०२५पासूनचा दर). जिथे चढलात आणि जिथे उतरलात तेवढ्याच अंतराचा कापला जातो, तेव्हा साधारण नऊशे धरा. फास्टॅगमध्ये आदल्या रात्री पैसे टाका, बूथवर उभं राहून नको.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खाली जाऊन टॉर्च मारून आलो. चारही टायर २०१९चे, आणि पुढच्या डावीकडच्याला चिरा स्पष्ट दिसतायत. स्टेपनीत हवा जवळजवळ नाहीच. पुढच्या शनिवारी चारही बदलतोय, म्हणजे निघायच्या आधी शहरात थोडे चालवून होतील.

ठरलं असं: पाचला घर सोडायचं, नगरला नाश्ता, साडेदहापर्यंत माळीवाडा, पुढे शंभरच्या वर नाही, साडेअकरा ही लक्ष्मणरेषा. जालन्यात एक हॉटेल बोलून ठेवलंय, आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं. कमोड खुर्चीचा विषय काढल्यावर आईने पहिल्यांदाच "बरं, मग कारने जाऊ" असं म्हटलं. बाबा लोणारवरून थोडे नाराज आहेत, पण परतीच्या मुक्कामावर मांडवली झालीय.

परतताना वेगळं काही?

---

नगररोडकर

परतीला ऊन. समृद्धीने पश्चिमेला येताना दुपारनंतर ते समोर येतं, आणि नगर ते पुणे रस्ता नैर्ऋत्येला जातो. त्या दिवसांत सूर्यही तिकडेच मावळतो, म्हणजे शिरूरपासून वाघोलीपर्यंत थेट डोळ्यांत. काच आतून पुसून घ्या. बाहेरून सगळे पुसतात, पण आतल्या बाजूला जो तेलकट थर बसलेला असतो तो समोर ऊन आलं की पांढरा पडद्यासारखा दिसतो. वर्तमानपत्राचा कागद ओला करून पुसलात की निघतो.

आणि रविवारी संध्याकाळी वाघोलीत शिरू नका.