प्रेम आधी, पुस्तक नंतर

रेनबो रॉवेलच्या ‘कॅरी ऑन’ या जादूच्या दुनियेतल्या कादंबरीबद्दल कुणीतरी म्हटलंय की त्यातलं सायमन आणि बॅझ या दोन मुलांचं प्रेम ओढूनताणून आणलंय. मला उलट वाटलं. रॉवेलच्याच आधीच्या ‘फॅनगर्ल’ कादंबरीची (२०१३) नायिका याच दोघांच्या प्रेमावर फॅनफिक्शन (आवडत्या पात्रांवर चाहते लिहितात त्या कथा) लिहीत असते, म्हणजे प्रेम आधी, २०१५ची ही कादंबरी नंतर!

खरी गंमत मंत्रांची. लोकांच्या तोंडी रुळलेले वाक्प्रचार, बालगीतांच्या ओळी हेच मंत्र. वापर थांबला की ताकद गेली. (‘इडापिडा टळो’ अजून चाललं असतं बहुतेक.) आणि सायमनची ती अफाट शक्ती? (रहस्यभेद होतोय, सांभाळा.) तो ती वापरतो तेव्हा दुसरीकडे कुठेतरी जादूच आटते. तारणहार म्हणून निवडलेला पोरगाच दुखण्याचं मूळ! शेवटी त्याची जादू संपते, बॅझ तरीही सोबत असतो. याला ओढूनताणून कसं म्हणायचं?