बास्कच्या बहिणीला लिपी कोणती द्यावी?

प्रश्न
नमस्कार मंडळी. दोन वर्षं मी बास्कची (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची भाषा) एक काल्पनिक बहीण-भाषा रचते आहे. पिरेनीजच्या उत्तर उतारावर, गारोन नदीच्या वरच्या खोऱ्यात रोमन काळी बास्कची जुनी नातलग भाषा, अक्विटानियन, बोलत. ती तिथे टिकली असं मी धरलंय. तिथल्या शिलालेखांत 'सेंबे' येतं, बास्कमध्ये त्याचं 'सेमे' (मुलगा) झालं. माझ्याकडे तो 'ब' शाबूत आहे, म्हणून 'उमे' (मूल) नाही, 'उंबे'.

अडलंय 'स'पाशी. बास्कमध्ये आपल्या 'श'शिवाय आणखी दोन 'स' आहेत. जिभेचं टोक वर हिरडीकडे नेऊन 'सु' म्हटलं की आग, टोक खालच्या दातांमागे ठेवून म्हटलं की 'तुम्ही'. तसंच 'अत्सो': एक म्हातारी, दुसरं 'काल'. रोज आरशासमोर बसून घोकते, तरी लेकीला फरक ऐकू येत नाही. हे तिन्ही मला जपायचेत. प्राचीन स्पेनमधल्या इबेरियन लिपीवर जीव जडलाय. जमेल का?

उत्तर १
ताई, त्या लिपीत क, त, ब स्वरासकटच येतात: का, के, की. पाय मोडायची सोय नाही. बास्कमध्ये सकर्मक वाक्यातल्या कर्त्याला शेवटी 'क्' लागतो, 'गिसोनाक' म्हणजे 'माणसाने'. हा प्रत्यय तुम्ही कसा लिहिणार? शिवाय 'स'ची चिन्हं दोनच. 'र'चीही दोन, ती मात्र बास्कच्या दोन 'र'ना चपखल बसतील.

उत्तर २
तिसऱ्या चिन्हाची एवढी काळजी का? 'चार' आणि 'चाक' आपण एकाच 'च'ने लिहितो, वाचताना कोणी अडखळत नाही.

उत्तर ३
पण 'चार'चा 'च' घालून 'चाक' म्हटलं तरी अर्थ बदलत नाही. इथे आगीचं 'तुम्ही' होतं. स्पेनमध्ये पॅम्प्लोनाजवळ इरुलेगीला 2021 मध्ये सापडलेला, अक्षरं कोरलेला कांस्याचा प्राचीन हात बघा. त्यावर इंग्रजी 'टी'सारखं एक चिन्ह आहे, ते मूळ इबेरियन लिपीत नाही. उसन्या लिपीत तिथल्या प्राचीन लोकांनी स्वतःचं अक्षर घातलं. तुम्हीही घाला.

प्रश्नकर्ती
इरुलेगीच्या हाताकडे मी या नजरेने पाहिलंच नव्हतं! म्हणजे 'श'ला नवं चिन्ह. शेवटच्या 'क्'साठी मागचाच स्वर पुन्हा लिहीन, वाचताना तो मुका: 'गिसोनाका' लिहायचं, 'गिसोनाक' म्हणायचं. आज रात्री 'सेंबे' आणि 'उंबे'पासून सगळी वही पुन्हा उतरवायला घेते.