मदत हवी आहे: अंतराळ स्थानकाची उभारणी माहितीपट दाखवून आठवी-नववीला कशी शिकवावी?

बालाघाट_शाळा

नमस्कार. शाळा बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात आहे. आठवी-नववी मिळून 64 लेकरं. विज्ञानाच्या तीन तासिका सलग तीन दिवस मिळणार आहेत, प्रत्येकी 35 मिनिटांची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कसं बांधलं यावरचा 50 मिनिटांचा माहितीपट पेनड्राइव्हवर आहे, निवेदन इंग्रजी. प्रोजेक्टर आहे, पण दुपारी लाइटचा भरवसा नाही. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हापासून लेकरं एकच विचारायलेत: एवढं मोठं ते वर नेलं कसं? उत्तर त्यांना त्यांचं त्यांनी सापडावं अशी इच्छा आहे. काय दाखवू, काय वगळू, हाताने काय करून घेऊ?

मांजराकाठ

मॅडम, पूर्ण 50 मिनिटं दाखवू नका. अंधाऱ्या खोलीत पंधरा मिनिटांनंतर मागच्या रांगा गप्पा मारतात, आणि ज्या भागासाठी हे सगळं करायचं तो नेमका शेवटी येतो. चार ते सहा मिनिटांचे तीन तुकडे निवडा: पहिले दोन भाग जोडले जातात तो, यांत्रिक हात नवा भाग उचलून बसवतो तो, आणि वीज देणारे सौर पंख उलगडतात तो. आदल्या दिवशी एकदा पाहून सुरुवात-शेवटाचे मिनिट-सेकंद वहीत लिहून ठेवा, नाहीतर वर्गात पुढे-मागे करण्यातच पाच मिनिटं जातात. आवाज बंद ठेवा आणि निवेदन तुम्ही मराठीत करा. आपल्याकडच्या लेकरांना हिंदी समजते, पण तांत्रिक हिंदी इंग्रजीइतकीच परकी वाटते.

प्रत्येक तुकड्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा. पहिल्यासाठी: "सुरुवात याच भागापासून का?" झार्या हा पहिला भाग रशियन प्रोटॉन रॉकेटवरून बैकानूरहून 20 नोव्हेंबर 1998 ला गेला. युनिटी हा अमेरिकी भाग एंडेव्हर या स्पेस शटल यानाने 4 डिसेंबरला नेला आणि 6 डिसेंबरला दोन्ही जोडले. झार्याला स्वतःची इंजिनं, इंधन, सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या होत्या. युनिटीला सहा बाजूंना सहा जोडजागा, पण इंजिन नाही की सौर पट्टी नाही. म्हणजे आधी युनिटी पाठवून भागलं नसतं. शेतात घर बांधताना आपण आधी बोअर आणि लाइटचं मीटर बघतो, भिंती नंतर. हे उदाहरण दिलं की लेकरं पुढचं स्वतः सांगतात. राहायची सोय असलेला झ्वेझ्दा जुलै 2000 मध्ये गेला, आणि 2 नोव्हेंबर 2000 ला पहिले तिघे आत शिरले. तेव्हापासून स्थानक एक दिवसही रिकामं नाही.

माहितीपटातून तीन चुकीच्या समजुती हमखास घरी जातात. एक, "तिथं गुरुत्वाकर्षण नाही." 400 किमी उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास 89 टक्के असतं. स्थानक आणि माणसं सोबतच पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून तरंगतात. दोन, काम पटापट होतं. चित्रफीत वेगाने फिरवलेली असते, मोठी जोडणी 1998 ते 2011 चालली. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले, त्यानंतर मोठे भाग बसवण्याचं काम सप्टेंबर 2006 पर्यंत थांबलं. ही तारीख जरूर सांगा, लेकरांना ते नाव माहीत असतं. तीन, वजन लागत नाही म्हणजे जड वस्तू सहज थांबते. तसं नाही. वस्तुमान तेवढंच राहतं, 14-15 टनांचा भाग हळू सरकत असला तरी थांबवायला तेवढाच जोर लागतो. म्हणून यांत्रिक हात इतका सावकाश हलतो.

विज्ञानपेटी

हाताने करायचं असेल तर 1 मीटरला 1 सेंमी हे प्रमाण धरा, हिशेब तोंडी होतो. झार्या 12.6 सेंमी लांब, युनिटी 5.5, झ्वेझ्दा 13.1, डेस्टिनी प्रयोगशाळा 8.5. जाडी सगळ्यांची 4 ते 4.6 सेंमी. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या करा. सौर पंख धरणारा आडवा सांगाडा 109 सेंमी, तो जोंधळ्याच्या धांडांचा करा. हलका होतो आणि वाकत नाही. सौर पंख आठ, प्रत्येक साधारण 35 सेंमी लांब, 12 सेंमी रुंद.

आता खरी गंमत. 18 सेंमी लांब आणि 4.6 सेंमी रुंद-उंच असा एक पुठ्ठ्याचा डबा करा. स्पेस शटलची माल ठेवायची जागा याच मापाची, 18 मीटर आणि 4.6 मीटर. नियम एकच: डब्यात बसेल तेच वर जाईल. (झार्या आणि झ्वेझ्दा रॉकेटने गेले, त्यांना हा नियम नाही.) नळ्या बसतात. धांड बसत नाही, कापावंच लागतं. 109 भागिले 18, म्हणजे किमान सात तुकडे. पंख तर कापूनही चालत नाही. इथे तुम्ही काही सांगू नका, दहा मिनिटं गप्प राहा. कोणीतरी कागद पंख्यासारखा दुमडतोच. 2-2 सेंमीच्या घड्या घातल्या की 35 सेंमीचा पंख 12 बाय 2 च्या चोपडीएवढा होतो. "एवढं मोठं वर नेलं कसं?" याचं उत्तर त्यांच्या हातात असतं.

पंखासाठी पतंगाचा कागद घ्या. घड्यांच्या मधोमध सुईने भोकं पाडून एक दोरा ओवा. दोन दिवस पुस्तकाखाली दाबून ठेवा, मग टोकाला काठी लावून ती ओढून उलगडा. एका गटाच्या दोऱ्यात मुद्दाम गाठ मारून द्या. कागद गाठीला अडकतो आणि फाटतो. 2007 मध्ये असंच झालं. 2000 मध्ये तात्पुरत्या जागी लावलेले पंख मिटून कायमच्या जागी नेले, आणि पुन्हा उलगडताना एक पंख मार्गदर्शक तारेत अडकून फाटला. अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की यांना यांत्रिक हाताच्या टोकाला जोडलेल्या लांब दांड्यावर उभं करून तिथपर्यंत नेलं. पंखातून वीज वाहत होती, म्हणून हत्यारांना निरोधक पट्टी गुंडाळली होती. स्थानकाच्या आत तारेचे आणि पत्र्याचे पाच जोड बनवले होते. सदऱ्याच्या कफाला लावतात त्या बटनांसारखे ते चिरेच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून ओवले. ताण त्या जोडांवर गेला आणि पंख पूर्ण उलगडला.

लेकरांकडूनही हेच करून घ्या: पातळ तार, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, हातात लोकरीचे जाड हातमोजे. चिकटपट्टी देऊ नका. हातमोजे घालून भोकात तार ओवताना जे कळतं ते कुठलाही पडदा दाखवू शकत नाही.

बालाघाट_शाळा

खूप उपयोगी. 64 जणांचे गट कसे करू? आणि दोन भाग जोडल्यावर हवा का गळत नाही, हा प्रश्न नक्की येणार.

विज्ञानपेटी

आठ-आठचे आठ गट, प्रत्येकाला एक पंख. आठ पंख पूर्ण होतात. पहिल्या दिवशी माहितीपटाचा पहिला तुकडा आणि डबा, घड्या घालून ठेवणं. दुसऱ्या दिवशी यांत्रिक हात आणि नळ्या-सांगाडा. तिसऱ्या दिवशी उलगडणं, फाटणं, दुरुस्ती. माहितीपटातला पंखांचा तुकडा दुरुस्तीनंतर दाखवा, आधी नाही.

ठिबकवाला

हवेचा प्रश्न ठिबकवरून सांगा, घरोघरी आहे. सबमेनला (पाणी वाटणाऱ्या मोठ्या नळीला) भोक पाडून ग्रोमेट (रबरी कडं) बसवताना भोकाच्या कडेला प्लास्टिकची कूस राहिली की तिथून पाणी झिरपतं, ग्रोमेट नवं असलं तरी. स्थानकाचंही तसंच आहे. दोन कड्यांच्या मध्ये रबरी सील असतात, आणि अमेरिका, युरोप, जपानच्या भागांच्या मोठ्या जोडात 16 बोल्ट मोटरने आवळून ते दाबतात. सीलवर बारीक कचराही चालत नाही.

जोर किती ते गणितात काढायला लावा. आत समुद्रसपाटीइतकाच दाब, म्हणजे दर चौरस सेंमीला साधारण 1 किलो. दार 127 बाय 127 सेंमी. गुणाकार 16,129. म्हणजे 16 टनांचा भार, भरलेल्या उसाच्या जोडट्रॉलीसारखा. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या लायगो प्रयोगशाळेच्या 4 किमी लांब नळ्यांमध्ये याच्या उलट काम असेल: आत निर्वात, बाहेर हवा. सील मात्र तितकीच महत्त्वाची.

भारताचं स्पेडेक्सही जोडून घ्या. 30 डिसेंबर 2024 ला श्रीहरिकोटाहून सुटलेले सुमारे 220 किलोचे दोन उपग्रह 16 जानेवारी 2025 ला कक्षेत जोडले गेले. शेवटी 15 मीटरवर आणि मग 3 मीटरवर थांबून तपासणी केली होती. 3 मीटर अंतर सेकंदाला 1 सेंमी वेगाने गेलं तर किती वेळ? पाच मिनिटं. तेवढा वेळ घड्याळ लावून एका लेकराला वर्गात तसंच चालायला लावा. 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं आपलं उद्दिष्ट आहे, त्याला हीच जोडणी लागणार.

तारजोड

लाइटचं सांगतो. दिव्याचा प्रोजेक्टर 280 वॉट, लॅपटॉप 60 धरला तर 340. इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीत 1800 वॉट-तास, त्यातली निम्मीच वापरा. इन्व्हर्टरचा अपव्यय जाऊन दोन तास निघतात, 35 मिनिटांना भरपूर. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटन असतं, ते चालू करा. साध्या मोडवर लाइट जाताना क्षणभर वीज तुटते, प्रोजेक्टर बंद पडतो आणि दिवा थंड होईपर्यंत सुरू होत नाही. पाच मिनिटं तिथेच गेली. फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या, आणि खिडक्यांना पोती नकोत, हवा अडते. काळा कापडी पडदा फक्त पडद्यासमोरच्या खिडकीला पुरे.

मांजराकाठ

आणखी एक. नासाच्या स्पॉट द स्टेशन सेवेत आपल्या गावाची वेळ मिळते. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, आकाश काळोखं असताना, स्थानक पश्चिमेकडच्या बाजूने उगवतं आणि जास्तीत जास्त सहा मिनिटांत पूर्वेकडे सरकतं. लुकलुकत नाही, म्हणून विमानापासून वेगळं ओळखू येतं. कधी कधी मध्येच विझतं, ते पृथ्वीच्या सावलीत गेलेलं असतं. 40 अंशांहून जास्त उंचीची फेरी निवडा, कमी उंचीची डोंगराआड जाते. दिवस ठरला की लेकरांना दिशा, उंची आणि मिनिट वहीत लिहून घरी न्यायला सांगा.