आजी-आजोबांना युटाच्या कॅन्यनमध्ये तंबूत न्यावं का?

लालमाती

विषय थेट मांडतो. सप्टेंबरअखेर आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे फिनिक्सला येतायत. बाबा ७१, आई ६७. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना फॉल ब्रेक असतो. तेव्हा युटातली झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं आणि शेवटी मोआब गाव असा बेत आहे, आणि सगळा मुक्काम तंबूत. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे सांगितलं आणि गदारोळ झाला. "या वयात त्यांना जमिनीवर झोपवणार?" "हॉटेलचे पैसे वाचवताय का?" माझं मत ठाम आहे: न्यावं, आणि तंबूतच न्यावं.

इथे आलेल्या आई-बाबांचे सहा महिने कसे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपसमोर, मुलं शाळेत. त्यांना गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं कोपऱ्यावर काही नाही. शनिवारी देऊळ, रविवारी किराणा. मग एकदा व्हेगास, ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी फोटो आणि परत. नातवंडांशी बोलणं "जेवलास का" आणि "अभ्यास झाला का" याच्या पुढे जात नाही, कारण एकत्र करायला काही कामच नसतं. तंबूत काम असतं. दोऱ्या ताणायच्या, पाणी भरून आणायचं, अंधार पडायच्या आत भांडी उरकायची. माझ्या बाबांना फिरायला नेलेला पाहुणा होणं जमत नाही, हाताशी काम लागतं.

सोयीचं म्हणाल तर उभं राहता येईल असा तंबू, जमिनीपासून उंच फोल्डिंग कॉट, त्यावर जाड गादी. झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड दरीच्या तोंडाशीच आहे, फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. पारूस आणि रिव्हरसाइड वॉक हे दोन्ही रस्ते फरसबंद आणि जवळपास सपाट. दरीत शटल चालते. आता विरोध करा.

रात्रपाळी

मी ॲरिझोनात एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नर्स आहे. मला हा बेत पसंत नाही, आणि कारणं भावनिक नाहीत.

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, घसा मात्र सांगत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी भर. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, अंग कोरडंच राहतं, त्यामुळे "मला घामच आला नाही" असं म्हणत माणूस चक्कर येऊन बसतो. तंबूत याहून वाईट गोष्ट होते. रात्री अंधारात उठून स्वच्छतागृहापर्यंत जायला नको म्हणून आपली ज्येष्ठ मंडळी दुपारी चारनंतर पाणीच पीत नाहीत. विचारलं तर "प्यायले की" म्हणतात. बाटली हातात घेऊन बघा, सकाळी होती तेवढीच भरलेली असते.

दुसरं, उंची. झायनचा तळ साधारण १२०० मीटरवर, ब्राइसचा कडा २४०० मीटरच्या वर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे ब्राइसला तुमचा तंबू त्याहून साडेसातशे मीटर उंचावर. ऑक्टोबरात तिथलं रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास जातं. रात्री तीनला, थंडीत, झोपेच्या तंद्रीत, तंबूच्या दोऱ्या ओलांडून जाणारे ७१ वर्षांचे बाबा डोळ्यांसमोर आणा. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं.

तिसरं, विमा. पाहुण्यांसाठीचा प्रवासी विमा जुन्या आजारांना बहुतेक वेळा मर्यादित तरी असतो किंवा लागूच होत नाही. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, त्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

कॅन्यन बघू नका असं मी म्हणत नाहीये. स्प्रिंगडेलची हॉटेलं झायनच्या फाटकाला खेटून आहेत. तिथे झोपा, सकाळी दरीत जा. तंबूने नेमकं काय जास्त मिळतं?

लालमाती

पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच जुलै सोडून ऑक्टोबर निवडलाय. तेव्हा झायनमध्ये दुपारी २६-२७ अंश, पहाटे दहा अंशांच्या आसपास. जुलै-ऑगस्टची भाजणारी ऊन्हं आणि मान्सूनचे अचानक येणारे लोंढे, दोन्ही तोपर्यंत बरेच सरलेले असतात. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या एका चिंचोळ्या घळीत लोंढ्याने सात जण गेले, ते मला माहीत आहे. आम्ही आई-बाबांना घेऊन कुठल्याही घळीत शिरणार नाही.

रात्रीसाठी तंबूतच झाकणाचं पोर्टेबल कमोड ठेवणार आहे. आईनेच फोनवर सुचवलं.

तंबूने काय मिळतं? हॉटेलात दोन खोल्या घेतो आपण. आठ वाजता दारं बंद होतात, मुलं स्क्रीनवर, आई-बाबा टीव्हीसमोर. म्हणजे आमचं फिनिक्सचं घरच तिथे उचलून नेलं. २०१९ पासून ब्राइस अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेलं उद्यान, बाबांना ग्रहतारे कळतात, आणि शहरातल्या उजेडात वाढलेल्या माझ्या मुलांनी आकाशगंगा अजून पाहिलेली नाही.

भाजणी

सगळे तब्येतीवर बोलतायत. मी सून म्हणून विचारते: तिथे स्वयंपाक कोण करणार?

घरात निदान डिशवॉशर असतो. कॅम्पवर एका शेगडीवर सहा माणसांचं जेवण. त्यात सासऱ्यांना सकाळी साडेपाचला चहा लागतो, सासूबाईंना सकाळी पोहे किंवा उपमा, मुलांना पास्ता, आणि "बाहेर आलोय तर काहीतरी चमचमीत कर ना." पाणी नळावरून आणायचं, खरकटं असं सांडायचं नाही की जनावर येईल, सगळं खाणं रात्री गाडीत बंद करायचं. नवरे मंडळी तंबू ठोकतात, फोटो काढतात आणि सहल छान झाली म्हणतात. लालमाती, तुमच्या पोस्टमध्ये बाबा दोऱ्या ताणतायत, तुम्ही तारे दाखवताय. तुमची बायको काय करतेय, ते एका ओळीतही आलेलं नाही.

तंबूला माझा विरोध नाही. ठरवून टाका: निघायच्या आधी घरीच दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. रात्री फक्त खिचडी किंवा पिठलं-भात, आणि तो तुम्ही करायचा. भांडी मुलांनी. हे लिहून द्या, मग माझा पाठिंबा.

हिशोबी

खर्चाची बाजू कुणीच काढली नाही. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना ११ राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा लागू झालेत. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० डॉलरचा, रहिवाशांसाठी ८० चा. ६२ वर्षांवरचा सीनियर पास आई-बाबांना मिळणार नाही, तो नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरता. मोआबजवळची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही उद्यानं आणि कॅपिटॉल रीफ या यादीत नाहीत. तुमच्या पासवर गाडीतली किती माणसं चालतात ते निघण्याआधी उद्यानाच्या साइटवर वाचा. फाटकावर वाद घालत बसू नका, मागे गाड्यांची रांग असते.

गोदाकाठ

लालमाती, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. नाशिकचा, सध्या मुलीकडे डेन्व्हरला.

एवढी चर्चा झाली, पण आम्हाला काय वाटतं ते आमच्यातल्या कुणाला विचारलेलं दिसत नाही. आमच्या पिढीने पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या गुहांत मुक्काम केलेत, ओल्या कपड्यांनी. आषाढी वारीत आजही साठी-सत्तरीची माणसं आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जातात, राहुटीत झोपतात, पहाटे तीनला उठून आंघोळ करून पुढच्या मुक्कामाला निघतात. त्यांना कुणी "या वयात तंबूत?" विचारत नाही. इथे आलो की मात्र आम्ही एकदम काचेचे होतो. मुलीच्या घरी मला जिन्याच्या तीन पायऱ्या उतरतानाही हात धरतात. काळजी कळते रे, पण दिवसभर कुणी आपल्याला सांभाळत असलं की माणूस आतून म्हातारा होतो.

आम्हाला काय लागतं ते सांगतो. पाठ टेकायला हात असलेली खुर्ची, सकाळी गरम पाणी, दुपारी दोन तास कुणी न बोलवता आडवं व्हायला सावली. आणि "बाबा, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन वर जाऊन येतो" हे वाक्य नको. त्यापेक्षा हॉटेल बरं. वॉचमनला आंघोळीची सोय नाही, गावात जावं लागतं, हे तुझ्या आईला आधी सांग. आमच्या हिला ते तिथे गेल्यावर कळलं आणि पूर्ण दिवस अबोल्यात गेला.

रात्रपाळी

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. वारीचं उदाहरण मात्र मला पटत नाही. वारीत दिंडीचा ट्रक सामान वाहतो, पाण्याचे टँकर असतात, जागोजागी वैद्यकीय पथकं असतात, आणि कुणी खाली बसलं तर शंभर हात पुढे येतात. शिवाय वारकरी घरापासून पायी निघतो, उंची आणि हवा हळूहळू बदलत जाते. इथे विमानाची झिंग उतरलेली नसताना तीन दिवसांत २४०० मीटरवर. कॅपिटॉल रीफच्या बऱ्याच भागात फोनला सिग्नल नसतो. मदत बोलवायला गाडी काढून जावं लागतं. ही तुलना धीर देते, तयारी करून देत नाही.

बेसाल्ट

मी तंबूच्या बाजूचा आहे, पण लालमातींच्या मार्गाच्या विरोधात. एका आठवड्यात चार मुक्काम म्हणजे दर दुसऱ्या दिवशी तंबू मोडा, बांधा, दोन-अडीच तास गाडी, पुन्हा ठोका. ज्येष्ठांना थकवणारी गोष्ट ही आहे. जमिनीवर झोपण्याचं तेवढं नाही.

त्यात ब्राइसहून कॅपिटॉल रीफला जाणारा १२ नंबरचा रस्ता. एस्कलांटे ते बोल्डरच्या मध्ये हॉगबॅक नावाचा पट्टा आहे. रस्ता अरुंद धारेवरून जातो, दोन्हीकडे खोल उतार, कठडा नाही. मला तो अमेरिकेतला सगळ्यात सुंदर रस्ता वाटतो. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांना तो नरक. आईला आधी विचारा.

माझं म्हणणं: झायनला दोन रात्री, ब्राइस दिवसा बघून पुढे, आणि उरलेल्या सगळ्या रात्री कॅपिटॉल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडला. तिथे उंची १७०० मीटरच्या आसपास, म्हणजे ब्राइसची थंडी टळली. १८८० च्या दशकात तिथे वस्ती करणाऱ्या मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनी लावलेल्या फळबागा उद्यानाने राखल्या आहेत. ऑक्टोबरात सफरचंदं असू शकतात. बागेत खाल ती फुकट, घरी न्याल त्यांचं वजन करून पैसे पेटीत टाकायचे. तुमच्या बाबांना हवं ते काम इथे आहे: लांब दांड्याचा फळतोडा घ्यायचा आणि नातवंडांना कुठलं पिकलं ते दाखवायचं. फ्रीमाँट या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी हजारएक वर्षांपूर्वी कातळावर कोरलेली चित्रं २४ नंबरच्या रस्त्यालगतच आहेत, लाकडी पायवाटेवरून दिसतात. चढ नाही.

झायनच्या पूर्व बाजूला चेकरबोर्ड मेसापाशी मात्र गाडी थांबवाच. साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यताऱ्याच्या कातळाचे आडवे थर पाठ असतात, लाव्हा एकावर एक पसरून झालेले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथल्या दगडात थर तिरके आहेत, एक डावीकडे कललेला, त्यावरचा उजवीकडे. या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, जागच्या जागी दगड झालेल्या. वारा कुठून वाहत होता ते त्या रेघांवरून वाचता येतं. मी एका आजोबांना तिथे दगडाला हात लावून, बोट रेघेवरून फिरवत, नातीला हे समजावताना पाहिलंय. ते शेतकरी होते, वाळू कशी साठते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मोआबला गेलातच तर आर्चेस उद्यानातल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीची चढण आई-बाबांना नको. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, उघडा घसरडा खडक, सावलीचं नाव नाही. खालून दिसण्यासाठी वेगळं ठिकाण आहे, वाहनतळापासून शंभरेक मीटर. आणि त्याच उद्यानाच्या विंडोज भागात कमानी जवळजवळ गाडीतूनच दिसतात.

भाजणी

बेसाल्ट यांना अनुमोदन. एकाच जागी मुक्काम म्हणजे स्वयंपाकाची मांडामांडही एकदाच.

लालमाती, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

लालमाती

उत्तर देतो. रात्रीची खिचडी आणि सकाळचा पहिला चहा माझ्याकडे, भांडी मुलांकडे. बायकोला हा धागा वाचायला दिलाय. ती म्हणाली, दशम्यांपेक्षा थालीपिठाची भाजणी न्या, आणि थालीपीठ लावायला तिने कुणाला तरी शिकवावं लागेल, म्हणजे मला.

ब्राइसचा मुक्काम रद्द, तारे फ्रूटाहून बघू. मोआबचं आईवर सोडलंय. हॉगबॅकचा व्हिडिओ दोघांना पाठवला. बाबा म्हणाले चालेल, आई म्हणाली डोळे मिटून बसेन. तंबूवर मी ठाम आहे, आणि आता दोघांना विचारून ठाम आहे.

रात्रपाळी

ब्राइस रद्द केलंत ते बरं केलंत. माझं मत तरी हॉटेलच. जाणारच असाल तर एवढं करा. दोघांच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहून एक कागद पाकिटात, एक गाडीत. इन्सुलिन असेल तर ते बंद गाडीत ठेवू नका, दुपारी गाडी भट्टी होते. आणि रात्री गोठूही देऊ नका, स्लीपिंग बॅगच्या आत घ्या. झायनहून मोठं रुग्णालय सेंट जॉर्जला, सुमारे ४० मैल. फ्रूटाहून सगळंच लांब आहे, म्हणून निघण्याआधी रस्ता कागदावर उतरवून घ्या. प्रत्येकाच्या नावाची वेगळी पाण्याची बाटली, आणि ती रिकामी झाली की नाही हे बघण्याचं काम मोठ्या नातवंडाकडे द्या. मुलाने विचारलं की "प्यायलो की" म्हणून मोकळे होतात. नातवाने विचारलं की पितात.

बाबांची लघवीची गोळी सकाळची आहे की संध्याकाळची? संध्याकाळची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते का बघा.