बाबांना प्रोस्टेटसाठी सॉ पाल्मेटो द्यावं का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, रात्री चार-पाचदा उठतात, धार बारीक झालीय, सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं आलं. डॉक्टरांनी टॅमसुलोसिन (लघवी सुरळीत व्हायची गोळी) दिलंय पण शेजारचे काका म्हणतात सॉ पाल्मेटोच्या (एका ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क) कॅप्सूल घ्या, कुणाला अनुभव?

– सासऱ्यांनी वर्षभर घेतल्या, काही फरक नाही. २०११ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये तर डोस ३२० वरून ९६० मिलिग्रॅमपर्यंत नेला तरी औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, त्यामुळे चालू गोळी बंद करू नका प्लीज.

– आमच्याकडे गोखरूचा काढा घेतात, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) केलीत का?

– लघवी पूर्ण अडली तर लगेच हॉस्पिटल गाठा, कॅथेटर (लघवी काढायची नळी) लागतो.