हंगामाआधीच्या सरावाला बाणाची कोणती टोकं लावावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय आणि बाणाच्या टोकांवरून माझा पुरता गोंधळ उडालाय. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. म्हणून सगळं एकदाच तपशिलात लिहितो, जाणकारांनी जरा वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

धनुष्य कंपाउंड (चाकांवरून दोऱ्या फिरणारं), ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) ६० पाउंड, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायचं अंतर) २८ इंच. बाण कार्बनचे, ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या ताठपणाचं माप), २८ इंच लांब, टोकासकट वजन साधारण ४०० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). सगळा सराव १०० ग्रेनच्या साध्या स्क्रूवाल्या फील्ड पॉइंटवर (सरावाचं बिनपात्याचं टोक) केलाय. २० मीटरवर बाण खेटून बसतात, ३० मीटरवरही गट मुठीत मावेल एवढाच असतो. इथपर्यंत तक्रार नाही.

शिकारीसाठी तीन पात्यांचे फिक्स्ड ब्रॉडहेड (धारदार, पक्क्या पात्यांची टोकं) घेतले, तेही १०० ग्रेनचेच. वजन तेच म्हणजे बाणही तिथेच जायला हवा, असा माझा हिशोब. पण ३० मीटरवर ते फील्ड पॉइंटच्या गटापासून चार-पाच बोटं उजवीकडे आणि थोडे खाली लागतात. दर वेळी तिकडेच, विखरून नाही.

आता प्रश्न. साइट (नेम धरायचं साधन) उजवीकडे सरकवून मोकळा होऊ का? की १२५ ग्रेनची टोकं घ्यावीत? रोजचा सराव ब्रॉडहेडनेच करायचा की फील्ड पॉइंटने? आणि टार्गेटचं काय? माझ्याकडे चिंध्या भरलेली पिशवी आहे, त्यात पात्यांचे बाण मारायला हात धजत नाही. पाती पिसांच्या रेषेत बसवावी लागतात असंही एकाने सांगितलं, ते खरं का?

प्रतिसाद १

तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं, कारण ब्रॉडहेड एकाच जागी जाताहेत. विखरले असते तर दुखणं वेगळं असतं. याचा अर्थ तुमचा हात ठीक आहे, धनुष्याची ट्यूनिंग (बारीक जुळणी) किंचित बाकी आहे.

वजन सारखं असूनही फरक का पडतो? फील्ड पॉइंट गुळगुळीत असतो, त्याला वारा धरत नाही. बाण दोरीवरून थोडा वाकडा सुटला तरी मागची पिसं त्याला सरळ करतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ब्रॉडहेड लावला की बाणाच्या पुढच्या टोकालाही पंख फुटतात. बाण वाकडा सुटला की ती पाती हवा कापत त्याला आपल्या दिशेने ओढतात, आणि मागच्या पिसांशी त्यांची रस्सीखेच सुरू होते. वेग जितका जास्त, तितकी ही ओढ जास्त. म्हणजे चूक आधीपासून होतीच, फील्ड पॉइंट ती झाकून ठेवत होता.

म्हणून साइटला हात लावू नका. रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) हलवा, आणि ब्रॉडहेडचा गट ज्या दिशेला न्यायचा आहे त्या दिशेला हलवा. तुमचे उजवीकडे जाताहेत, तर रेस्ट डावीकडे. खाली जाताहेत, तर रेस्ट वर. एका वेळी एकच दिशा, आणि अगदी केसभर, साधारण पाऊण मिलिमीटर. मग दोन्ही प्रकारचे बाण पुन्हा मारा आणि गटांमधलं अंतर बघा. दोन्ही एकत्र आले की मगच साइट लावा.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर रेस्ट हलवण्यात दिवस जातील. ब्रॉडहेड घट्ट बसवून बाण टोकावर उभा धरा, खाली काच किंवा गुळगुळीत फरशी ठेवा, आणि चिमटीत धरून भिंगरीसारखा फिरवा. नजर टोकावर नको, टोक आणि शाफ्ट (बाणाची दांडी) जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवा. तिथे जरा जरी थरथर दिसली तरी तो बाण बाजूला काढा. बहुतेक वेळा इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडातला, टोक ज्यात फिरवून बसवतात तो तुकडा) तिरका बसलेला असतो किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नसतं. तोंड घासून सरळ केलं की काम होतं. हे करताना बोटं पात्यांपासून लांब, एवढं सांगायला नको.

पाती आणि पिसं एका रेषेत असण्याने काही फरक पडत नाही. सांधा सरळ हवा, बस.

प्रतिसाद २

एवढा खटाटोप कशाला? शिकारीत ब्रॉडहेडच वापरायचेत ना? मग साइट ब्रॉडहेडला लावा आणि हंगाम संपला की परत फिरवा. मी असंच करतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

करता येतं, नाही असं नाही. पण मग दोन अडचणी येतात. फील्ड पॉइंटचा सगळा सराव निरुपयोगी होतो, कारण तो वेगळीकडे लागणार. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, बाण अजून वाकडाच उडतोय. वाकडा बाण आत शिरताना जोर वाया घालवतो. लाकडात खिळा तिरका ठोकला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्राण्याला स्वच्छ, झटपट मरण द्यायचं असेल तर बाण सरळच जायला हवा. या बाबतीत मी तरी तडजोड करणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. फिरवून पाहिलं तर दोन बाण स्पष्ट थरथरताहेत, बाकीचे ठीक. ते दोन बाजूला काढले. १२५ ग्रेनचं काय, त्यावर कोणी बोललं नाही.

प्रतिसाद ३

१२५ वर मी लिहितो. २५ ग्रेन म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम, पण ते बाणाच्या पुढच्या टोकाला पडतात, म्हणून परिणाम दिसतो. चांगली बाजू ही की तोल पुढे सरकतो आणि पिसांना बाण सांभाळायला सोपं जातं. वाईट बाजू अशी की सुटताना बाण जास्त वाकतो, म्हणजे स्पाइन असावी त्यापेक्षा मऊ असल्यासारखा वागतो. ६० पाउंडला ४०० स्पाइन आणि २८ इंच लांबी ही जोडी १०० ग्रेनला नीट जमते. १२५ लावायचे असतील तर आधी शाफ्ट बनवणाऱ्याचा तक्ता बघा. शिवाय बाण थोडा मंदावतो, ४० मीटरवर खाली लागेल, साइटच्या सगळ्या पिना (वेगवेगळ्या अंतरांसाठी नेमाच्या खुणा) नव्याने लावाव्या लागतील. हंगाम इतका जवळ असताना हे उपद्व्याप मी करणार नाही. वजन कमी पडतंय म्हणावं तर तेही नाही: ड्रॉ वेटच्या दर पाउंडाला ५ ग्रेन ही खालची मर्यादा मानतात, तुमची ती ३०० होते आणि बाण ४०० चा आहे.

तोल बघायचाच असेल तर सोपं आहे. बाण टोकासकट बोटावर तोला, नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून तोलाच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा. लांबी खाचेपासून शाफ्टच्या शेवटापर्यंत धरायची, टोक सोडून. ७१ सेंटिमीटरचा बाण ४४ वर तोलला तर साधारण १२ टक्के येतात. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के चांगले समजतात.

टार्गेटबद्दल तुमची भीती रास्त आहे. पिशवी फक्त फील्ड पॉइंटसाठी. ब्रॉडहेडने कापड फाटतं आणि चिंध्या बाहेर येतात. पात्यांसाठी फोमचा ठोकळा घ्या, ज्यावर ब्रॉडहेड चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल असाच. आणि एका ठिपक्यावर एकच बाण. दुसरा मारलात तर पहिल्याची पिसं कापली जाणार.

रोज ब्रॉडहेडने मारायची गरज नाही. हाताचा सराव, श्वास, सोडणं, हे सगळं फील्ड पॉइंटवर करा. ट्यूनिंग जमली की अधूनमधून ब्रॉडहेडने पडताळा. सरावाचा एक ब्रॉडहेड वेगळा ठेवा, त्याला रंगाची खूण करा. फोममध्ये गेलेली पाती बोथट होतात, ती शिकारीला नेऊ नका. फील्ड पॉइंट घेताना त्याचा व्यास शाफ्टएवढाच घ्या, जाड घेतलात तर फोममधून बाण उपसताना दम निघेल, आणि कधी नुसता शाफ्ट हातात येतो, टोक इन्सर्टसकट आतच राहतं.

बाहेर रानात फिरत सराव करायचा असेल तर स्प्रिंगचे पाय असलेले जूडो पॉइंट बघा. ते गवतात अडकतात, बाण खाली सरपटत जाऊन हरवत नाही. अंतराचा अंदाज घ्यायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं माझं मत.

प्रतिसाद ४

एक पुरवणी. उघडणाऱ्या पात्यांचे मेकॅनिकल ब्रॉडहेड कोणी सुचवतील. ते फील्ड पॉइंटसारखे उडतात हे बऱ्याच अंशी खरं, पण उघडायला जोर खर्ची पडतो, आणि काही प्रदेशांत त्यांना मनाई आहे. काही ठिकाणी पात्यांच्या किमान रुंदीचाही नियम असतो. विकत घेण्याआधी जिथे शिकार करणार तिथला या वर्षीचा नियम वाचा. घेतलेच तर सरावाला त्याच वजनाचं न उघडणारं टोक मिळतं का ते बघा. आणि कार्बन शाफ्ट प्रत्येक वेळी उपसल्यावर हलका वाकवून कानाशी धरा, चरचर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका. तो दोरीवर फुटला तर हातात घुसतो.

धागाकर्ता

रेस्ट आधी डावीकडे सरकवली, दोनदा, केसभरच. आडवा फरक जवळजवळ गेला, उभा अजून बोटभर आहे. आता रेस्ट वर घेतोय. एक शंका: दर काही बाणांनंतर फील्ड पॉइंट ढिले होतात, ते चालतं का? पक्का गोंद लावू का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

पक्का गोंद मुळीच नको, मग टोक बदलता येणार नाही. आट्यांवर दोरीचं मेण थोडं चोळा, किंवा टोक आणि इन्सर्टच्या मध्ये छोटा रबरी वॉशर टाका. ढिलं टोक म्हणजे पुन्हा तीच थरथर, त्यामुळे रेस्ट वर घेण्याआधी सगळी टोकं घट्ट करून घ्या, नाहीतर उरलेला बोटभर फरक रेस्टचा की टोकाचा ते कळणार नाही.