ठोकळा सरळ करायला हात कोणी घालायचा?

भोसरीकर
काही महिन्यांपूर्वी आमच्या शेडमधल्या एका पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. सहा मीटरचा, दोनशे मिलिमीटर उंचीचा लोखंडी आयबीम चेनपुलीवर होता, जमिनीपासून चार बोटं वर. खालचा लाकडी ठोकळा तिरका दिसला म्हणून पोरानं हात घातला, आणि त्याच वेळी पुलीवाल्यानं साखळी सोडली. हातात मोजा होता, चांगला चामड्याचा. दुसऱ्या दिवशी मालकांनी काय केलं? सगळ्यांना नवे मोजे वाटले!

मोजा खरचटण्यापासून वाचवतो. गॅसकटिंगनंतर कडेला राहिलेली धारदार बर, पत्र्याची कड, वायर रोपच्या तुटलेल्या तारा, एवढंच त्याचं काम. मीटरला पंचवीस किलो धरा, सहा मीटरचे दीडशे झाले. त्याखाली चामडं काय करणार? माझं म्हणणं, माल लटकत असेल तोवर त्याला आणि त्याच्याखाली कोणीही हात लावायचा नाही. फिरवायला दोर, सरकवायला पहार. ठोकळे आधी नीट लावा, मगच माल खाली घ्या.

रेटवाला
शेडमध्ये बसून बोलायला ठीक आहे. आम्ही चाकणला इरेक्शन करतो, म्हणजे लोखंडी सांगाडे उभे करतो, किलोच्या रेटनं. हायड्रा क्रेन तासावर येते. वर बीम कॉलमला लावताना हात न लावता बोल्ट काय मंत्र म्हणून बसतात का? वीस वर्षं करतोय, दहाही बोटं जागेवर आहेत. तुमच्या पोराचं लक्ष नव्हतं, विषय संपला.

सेफ्टीवाला, रांजणगाव
दादा, तुमची बोटं शाबूत आहेत यात आनंद आहे, पण तो पुरावा नव्हे. बीम कॉलमला लावताना होल जुळलं का हे बघायला माणूस बोट आत घालतो. डोळ्यांनी दिसत नाही ना! बीम तेवढ्यात जरा हलला की दोन होलच्या कडा कात्रीसारख्या चालतात. त्यासाठी निमुळती ड्रिफ्ट पिन असते. ती घाला, होल ओढून जुळवा, शेजारच्या होलमध्ये बोल्ट टाका.

मोज्यांबद्दल मात्र भोसरीकरांशी अर्धाच सहमत. ईएन ३८८ या मोज्यांच्या युरोपियन मानकात कापण्याला ए ते एफ अशी श्रेणी आहे, आणि मार सोसणाऱ्या मोज्यावर वेगळा पी असतो. प्लेटा उचलणाऱ्याला पांढरे ठिपक्यांचे सुती मोजे देणं म्हणजे थट्टाच. उलट ड्रिल मशिनवर मोजा घालूच नये, बिट तो गुंडाळते आणि हातही सोबत नेते. हे आमच्याकडच्या इंजिनिअरांनासुद्धा सांगावं लागतं.

जुना फिटर
लक्ष नव्हतं कुणाचं? ज्यानं हात घातला त्याचं, की ज्यानं साखळी सोडली त्याचं? आमच्या वेळी इशारा एकच माणूस द्यायचा. बाकी कोणी ‘सोड, सोड’ ओरडलं तरी पुलीवाला ढिम्म. आता सगळेच मिस्त्री.

भोसरीकर
हेच झालं काका. तिघं ओरडत होते.

रेटवालेदादांसाठी हिशोब: कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात (तो २०२५ मध्ये गेला) अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं होतं. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं एक पेर ९. त्या पोराला वेल्डिंग शिकायचं होतं. होल्डर धरतो, पण काँक्रीटवर पडलेला वायसर उचलायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागतो. हे नऊ टक्के?

रेटवाला
पोराचं वाईट वाटतं, मी काही दगड नाही. पण दोर म्हणताय, तो धरायला खाली एक माणूस लागतो. त्याची हजेरी कोण देणार? कंपनी रेट ठरवताना टन मोजते, दोर धरणारा मोजत नाही. मी तो रेटमध्ये मोजला तर पुढचं काम दुसरा घेऊन जातो, किलोमागे पन्नास पैसे कमी सांगून.

सेफ्टीवाला, रांजणगाव
मग तो माणूस वर्क ऑर्डरमध्येच वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या. आमच्याकडे एका साइटवर घेतला होता.

रेटवाला
आणि पुढच्या साइटवर?

सेफ्टीवाला, रांजणगाव
पुढच्या साइटवर कंपनीच्या परचेस खात्यानं ती ओळ खोडली.